धबधब्याची वाट आणि पाण्याचे वेळापत्रक

सागरी, नागरी आणि डोंगरी अशा तीन विशेषणांनी पालघर जिल्ह्याचे वर्णन करण्याचा प्रघात सरकारी अहवालांपासून शाळकरी निबंधांपर्यंत सर्वत्र आढळतो, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाल्यापासून तर ते त्याचे ब्रीदच होऊन बसले आहे. प्रत्यक्षात ही तीन अंगे एकमेकांकडे पाठ करून नांदतात. ती समोरासमोर येतात ती मुख्यतः पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत, जेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार, पालघरच्या नव्या इमारतींतला नोकरदार आणि डहाणू लोकलने विरारच्या पलीकडून आलेला विद्यार्थी हे सगळे सुट्टीच्या दिवशी पूर्वेला, डोंगराकडे तोंड करतात. त्यांना जायचे असते ते बहुधा एखाद्या धबधब्यावर. जाण्याचा बेत ठरलेला असतो, म्हणजे गाडी कोणाची, डबे कोणाचे, निघायचे किती वाजता, हे सारे पक्के असते; ठरलेले नसते ते एवढेच की ज्या पाण्यासाठी हा खटाटोप चालला आहे ते पाणी त्या दिवशी कोठून, किती आणि कधी येणार आहे. पुढील विवेचन या राहून गेलेल्या भागाविषयी आहे, कारण धबधब्याच्या पदभ्रमणात नियोजन करण्याजोगी मुख्य गोष्ट पाणी हीच असते आणि बाकीचे सर्व तिच्या मागून येते.

या भागातील ठिकाणांची ओळख अंतराच्या क्रमाने करून घेणे सोयीचे ठरते. पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघोबा खिंड लागते. तिच्या परिसरातच पावसाळी धबधबा आहे, आणि सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीच्या काळदुर्गाची वाटही खिंडीतूनच निघते. बोईसरहून पूर्वेला चिल्हार फाट्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग गाठला, की मेंढवण खिंडीच्या परिसरात खोडकोना गावामागे अशेरीगड उभा दिसतो, ज्याच्या माथ्याजवळच्या वाटेवर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड अजून पडून आहे. मनोरवरून विक्रमगडमार्गे जव्हारचे पठार चढले, की खऱ्या अर्थाने मोठ्या धबधब्यांचा मुलूख सुरू होतो: लेंढी नदीवरचा सुमारे तीनशे फुटांचा दाभोसा, हिरडपाडा आणि काळमांडवी. पहिल्या दोन ठिकाणी सकाळी जाऊन दुपारी परतता येते. जव्हारसाठी मात्र पहाटेची एसटी किंवा मुक्काम असा हिशेब करावा लागतो, आणि हा फरक ध्यानात न घेता 'जवळच आहे' या भरवशावर दहा वाजता निघणाऱ्या मंडळींची संध्याकाळ ठरलेली असते.

धबधबा कसा घडतो हे जाणून घेतल्याखेरीज त्याच्यापाशी कसे वागावे हे कळणे अवघड आहे. उत्तर कोकण आणि सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचे बनलेले आहेत तो बेसॉल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून थिजलेला लाव्हा. तो एकाच वेळी नव्हे तर थरावर थर असा साचला, आणि हे सगळे थर सारख्या कणखरपणाचे नाहीत. काही थर घट्ट व एकसंध आहेत, तर काही थरांत लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, ज्यांत पुढे पांढरी खनिजे भरत गेली. ओढ्याच्या पात्रात बसून एखादा दगड हातात घेतला तर त्याच्या काळ्या अंगावर तांदळापासून वाटाण्याएवढे पांढरे ठिपके दिसतात, आणि नखाने टोकरल्यावर काही ठिपके चुऱ्यासारखे निघून येतात. कातळाच्या दुबळेपणाचा इतका सोपा पुरावा दुसरा नाही. वरचा थर कणखर आणि खालचा असा दुबळा असला, की पडणारे पाणी खालचा थर आधी कोरते, वरच्या थराची कड हवेत लोंबती राहते आणि केव्हातरी कोसळते. अशा रीतीने धबधबा शतकानुशतके उगमाच्या दिशेने मागे सरकत असतो. या रचनेतून दोन निष्कर्ष निघतात. एक असा, की धबधब्याच्या माथ्यावरची कड, जिच्यावर उभे राहून छायाचित्रे काढण्याची हौस असते, ती खालून पोखरलेली असू शकते. दुसरा असा, की पायथ्याचे कुंड म्हणजे पाण्याबरोबर आलेल्या दगडधोंड्यांनी वर्षानुवर्षे घुसळून केलेला खड्डा असल्याने त्याचा तळ कोठे गुडघाभर तर दोन पावलांवर दोन पुरुष खोल असतो, आणि फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तेथे नेहमीसारखे तरंगता येत नाही.

आता पाण्याचा हिशेब. ज्या क्षेत्रावर पडलेला पाऊस उतारावरून एकत्र होऊन एकाच ओढ्यात येतो त्याला त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी, हा साधा गुणाकार आहे. एखाद्या लहान धबधब्याचे पाणलोट दोन चौरस किलोमीटरचे आहे आणि डोंगरमाथ्यावर तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला असे धरले, जे कोकणाला मुळीच नवलाचे नाही, तर दहा कोटी लिटर पाणी पडले. त्यातले निम्मे जमिनीत मुरले किंवा वाटेत अडले असे मानले तरी उरलेले पाच कोटी लिटर तासाभरात त्या एका चिंचोळ्या पात्रातून जायचे आहे, म्हणजे सेकंदाला जवळजवळ चौदा हजार लिटर. दीडएक टँकर दर सेकंदाला. सकाळी ज्या ओढ्यातून चपला हातात घेऊन घोटाभर पाण्यातून माणसे पलीकडे गेली, तोच ओढा दुपारी परतीची वाट बंद करतो तो असा. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, याचा अर्थ वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. म्हणून 'गुडघ्याएवढेच तर आहे' हे वाक्य खोलीबद्दल खरे असले तरी धोक्याबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय पाऊस माथ्यावर पडतो आणि माणसे पायथ्याशी असतात, मधे झाडी आणि कडा, त्यामुळे खाली लख्ख ऊन असतानाही पाणी चढू शकते. आधी पाणी गढूळ होते, मग पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागतात, आवाज जड होतो. ही लक्षणे दिसल्यावर हाती राहणारा वेळ मिनिटांत मोजण्याचा असतो आणि तो सामान आवरण्यात घालवण्यासाठी नसतो.

यातच या सहलीचा मूळ पेच आहे. किल्ला पाहण्यासाठी कोरडा दिवस निवडता येतो, लेणी पाहण्यासाठीही येतो. धबधब्याला मात्र ज्या पावसामुळे पाहण्याजोगे रूप येते तोच पाऊस त्याच्याकडे जाणारी वाट मोडतो, निसरडी करतो आणि शेवटी अडवतो. पाहण्याचा दिवस आणि टाळण्याचा दिवस हे एकमेकांना इतके चिकटून येतात, की त्यांतली फट शोधणे हेच नियोजनाचे सार ठरते. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे 'जोरदार', त्यापुढे २०४.४ पर्यंत 'अतिजोरदार' आणि त्याहून अधिक म्हणजे 'अत्यंत जोरदार'. पिवळा, नारिंगी आणि लाल हे इशारे अपेक्षित धोक्यानुसार दिले जातात. हे अंदाज उपयोगी आहेत, परंतु ते जिल्ह्याचे असतात, आणि पालघर जिल्हा केळव्याच्या किनाऱ्यापासून मोखाड्याच्या डोंगरापर्यंत पसरलेला आहे. समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि तेथेच पाऊस सांडतात, त्यामुळे डहाणूच्या किनाऱ्यावर नोंदलेला आकडा जव्हारच्या पाण्याविषयी फारसे बोलत नाही. बोईसरच्या गॅलरीतून आभाळ पाहून दाभोशाचा बेत ठरवणे म्हणूनच व्यर्थ आहे.

प्रशासनाने या पेचावर काढलेला उपाय मनाई आदेशाचा आहे. पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाकडून धबधबे, धरणे आणि डोह यांच्या परिसरात जाण्यास, पाण्यात उतरण्यास, मद्यपान करण्यास बंदी घातली जाते. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४व्या कलमान्वये निघत, १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३व्या कलमाने घेतली आहे. बेत आखणाऱ्याने असा आदेश लागू आहे का हे आधी पाहावे, आणि लागू असल्यास बेत बदलावा, हे उघड आहे. तरीही एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. सरसकट बंदी ही शहाण्या आणि बेफिकीर अशा दोघांनाही एकाच मापाने मोजते; शहाणा घरी राहतो आणि बेफिकीर आडवाटेने जातो, जेथे पोलीसही नसतो आणि मदतीला गावही नसते. बंदी चुकीची आहे असे यातून ठरत नाही, कारण बुडालेल्यांना काढण्याचे काम शेवटी पाड्यावरच्या तरुणांना आणि स्वयंसेवी बचाव पथकांनाच करावे लागते. मात्र बंदी म्हणजे नियोजनाची शिकवण नव्हे, एवढे समजून घ्यायला हवे.

ही शिकवण शोधायला तारापूरच्या माणसाला खरे तर दूर जावे लागत नाही. येथील अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे आणि शेजारची औद्योगिक वसाहत राज्यातल्या मोठ्या रासायनिक पट्ट्यांपैकी एक आहे. अशा कारखान्यात टाकी साफ करण्यासाठी माणसाला आत उतरवायचे असेल तर 'परमिट' लागते, म्हणजे त्या एका कामापुरती, ठरावीक वेळेपुरती दिलेली लेखी परवानगी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६व्या कलमातून रुजलेली ही शिस्त: आतला वायू आधी तपासायचा, प्राणवायूचे प्रमाण साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली नाही हे पाहायचे, आत जाणाऱ्याच्या कमरेला पट्टा व दोर, तोंडाशी एक माणूस कायम उभा, आणि परमिटाची मुदत संपली की काम अर्धवट असले तरी बाहेर. या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा भाग कोणता असे विचारले तर कोणताही जुना पर्यवेक्षक सांगेल की तोंडाशी उभा राहणारा माणूस. त्याने काहीही झाले तरी आत उडी घ्यायची नसते, कारण पहिल्याला वाचवायला गेलेला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला गेलेला तिसरा अशी मरणाची साखळी रासायनिक उद्योगाने अनेकदा पाहिली आहे. धबधब्याच्या कुंडात नेमके हेच घडते. एक बुडतो, दोघे धावतात. जो कामगार सोमवारी टाकीच्या तोंडाशी ही शिस्त काटेकोर पाळतो तोच रविवारी अनोळखी कुंडात दोर नाही, पहारा नाही, मुदत नाही अशा अवस्थेत उतरतो, हे आश्चर्याचे वाटते खरे. पण सुट्टी म्हणजे परमिटापासून सुटका, अशीच त्याची सुट्टीची कल्पना असते, आणि आठवडाभर भोंग्यावर चालणाऱ्या माणसाला तसे वाटण्यात गैरही काही नाही. तेव्हा कारखान्याचे फॉर्म डोंगरावर नेण्याची गरज नाही. त्यातल्या दोन गोष्टी मात्र अवश्य न्याव्यात: कोणी एक जण पाण्याबाहेर राहील आणि त्याच्याजवळ दोर असेल, आणि परतण्याची वेळ निघण्याआधीच ठरलेली असेल.

परतण्याच्या वेळेचा हिशेब नकाशापासून सुरू होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५० हजारास एक या प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. त्या दाटीने आल्या की चढ खडा, विरळ असल्या की सपाटी, आणि ओढा ओलांडताना त्या उगमाच्या दिशेने टोक काढून मागे वळतात. जुन्या क्रमांकपद्धतीत पालघर-बोईसरचा मुलूख ४७ अ या गटात आणि जव्हार ४७ ई या गटात पडतो. भ्रमणध्वनीवरचे नकाशे रस्ता दाखवण्यात तरबेज असले तरी जंगलातली पायवाट त्यांना बहुधा ठाऊक नसते, आणि रेंज तर पहिल्या वळणानंतरच जाते, म्हणून कागद जवळ असणे हा जुनाट हट्ट नव्हे. वेळ मोजण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला आडाखा आजही वापरतात: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. तीन किलोमीटर चालणे आणि तीनशे मीटर चढ असेल तर या आडाख्याने सव्वा तासही लागत नाही. पण हा आडाखा स्कॉटलंडच्या मोकळ्या डोंगरातल्या सराईत चालणाऱ्यासाठी आहे. आषाढातल्या चिखलात, दहा-बारा जणांच्या मेळ्यात, ज्यातल्या दोघांच्या पायांत गुळगुळीत तळाचे बूट आहेत, त्याची दुप्पट धरली तरी कमीच पडते. जुलैच्या आरंभी येथे सूर्य सव्वासातनंतर मावळतो, मात्र ढग आणि झाडी मिळून जंगलात त्याच्या तासभर आधीच अंधारून येते. साडेपाचला डांबरी रस्त्यावर यायचे असेल आणि उतरणीला दोन तास लागणार असतील, तर साडेतीनला धबधबा दिसो वा न दिसो, मागे फिरायचे. हे वाक्य निघताना सर्वांसमक्ष बोललेले असले तरच साडेतीनला पाळले जाते, कारण तोवर पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागलेला असतो, 'आता पाचच मिनिटे' म्हणणारा कोणीतरी असतोच, आणि संकोचापोटी त्याला गप्प करणारा कोणी नसतो.

नकाशा आणि घड्याळ यांच्यापलीकडचे ज्ञान पाड्यावर असते. वाट दाखवणाऱ्या स्थानिक माणसाला मराठीत वाटाड्या म्हणतात. या भागात तो वारली असेल, कोकणा, मल्हार कोळी किंवा कातकरी असेल. तो ओढ्याला ओळखतो तो सहलीमुळे नव्हे. पहिल्या पावसात अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात, त्याला वलगण म्हणतात, आणि त्या रात्री पाण्यात उभे राहून मासे पकडणाऱ्याला प्रत्येक दगडाची जागा आणि प्रत्येक वळणावरचा पाण्याचा जोर पायांनी ठाऊक झालेला असतो. अडचण एवढीच, की शहरी माणसाला ज्या आठवड्यांत धबधबा हवा असतो त्याच आठवड्यांत पाड्यावर आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते. घरातली सगळी माणसे इरली पाठीवर घेऊन दिवसभर चिखलात वाकलेली असतात, आणि रोपे वेळेत न लागली तर वर्षाचे धान्य जाते; अशा वेळी रस्त्यावर गाडी उभी करून 'वाट दाखवायला कोणी येतेय का' अशी हाक मारणे हे निदान असमंजसपणाचे आहे. आधी एक फेरी मारून किंवा ओळखीच्या माणसाकरवी विचारून, दिवसभराच्या शेतमजुरीहून कमी नाही इतका मोबदला ठरवून, त्याच्या सोयीचा दिवस घेणे हाही नियोजनाचाच भाग होय.

वाघोबा खिंडीचे नाव ज्याच्यावरून पडले तो वाघोबा हा या डोंगरांचा देव आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत त्याची शंभराहून अधिक ठाणी नोंदवली गेली. वारली समाजाने बिबट्यासारख्या जनावराबरोबर एकाच रानात राहण्याची जी रीत बसवली, तिचा तो अभ्यास होता. खिंडीतून जाणारी वाहने ठाण्यापाशी थांबतात, नारळ फुटतो, क्षणभर हात जोडले जातात. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी या रिवाजाची एक उपयुक्तता नजरेआड करता येत नाही: रान आपले नाही, त्यात दुसऱ्या कोणाचा तरी वावर आहे, याची आठवण येथे सीमेवरच करून दिली जाते. रान कायद्यानेही मोकळे नसते. पालघर तालुक्यातले वन डहाणू वनविभागाकडे आणि जव्हारकडचे जव्हार वनविभागाकडे आहे, आणि राखीव वनात कोठवर जाता येते हे तेथील कार्यालयात विचारून घेतलेले बरे.

राहता राहिला हंगाम. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत याचे कारण मुहूर्ताइतकेच नद्यांचे पाणी ओसरण्यात होते. तारापूरचा किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेने घेतला तो जानेवारी १७३९ मध्ये, आणि वसई पडली ती त्याच वर्षी मे महिन्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना. शिवाजी महाराज १६६४ च्या जानेवारीत सुरतेकडे जाताना जव्हारच्या शिरपामाळावर थांबल्याची परंपरा सांगितली जाते. युद्धाला निघालेली माणसेही जो काळ टाळत, तोच सहलीसाठी पसंत करणे हा अलीकडचा शोध आहे. मुंबईत मॉन्सून सरासरी ११ जूनला पोहोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. मोठ्या पाणलोटाच्या धबधब्यांना त्यानंतरही काही आठवडे चांगले पाणी असते, कारण पावसाळाभर जमिनीत मुरलेले पाणी झऱ्यांवाटे हळूहळू बाहेर येत राहते. ते नितळ असते, कुंडाचा तळ निदान काठापाशी दिसतो आणि कातळावरचे शेवाळ वाळू लागलेले असते. वाघोबासारखे लहान पावसाळी धबधबे तोवर बारीक झालेले असतात, त्यांच्यासाठी श्रावणातली उघडीप गाठावी लागते आणि तेव्हा ते रस्त्याकाठून पाहण्यात कमीपणा नाही. दाभोशासाठी मात्र आश्विन-कार्तिक हाच शहाण्याचा हंगाम. त्यालाही त्याचे काच आहेत: गवत छातीपर्यंत वाढलेले असते आणि त्यात फुरसे, घोणस यांचा वावर असतो, ऑक्टोबरचे ऊन पाणी मागते, कड्याला आग्या मोहळे लटकलेली असतात, जेथे अत्तर आणि धूर दोन्ही वर्ज्य. वाटाड्याही या दिवसांत पुन्हा गुंतलेला असतो, कारण हळवे भात कापणीला आलेले असते आणि खळ्यावरचे काम अवकाळी सरीच्या धास्तीने कोणी लांबवत नाही. तेव्हा त्याने मंगळवार सांगितला तर रविवारचा आग्रह सोडून, कारखान्यात पाळी बदलून घेऊन, मंगळवारी पहाटे पालघरहून जव्हारची गाडी धरावी.